डायटम की परागकण? डोंगरी सरोवराचा गाळ हाती घेण्यापूर्वी

उष्णकटिबंधातील उंच पर्वतांवरच्या सरोवरांतून जुने हवामान शोधण्याचा विषय प्रबंधासाठी घ्यावा, असे ठाण्यातल्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी कुणाच्या मनात आले, की पहिला पेच हाच पडतो: तळाच्या गाळात साठलेले परागकण अभ्यासावेत, की डायटम?

परागकण झाडोऱ्याची हकीकत सांगतात. रान डोंगरावर किती चढले आणि किती उतरले, हे त्यांच्यावरून कळते. कोलंबियातील २,५४० मीटर उंचीवरच्या फुकेने सरोवराचा गाळ त्यासाठी प्रसिद्ध आहे. मात्र खालच्या जंगलातले पराग वाऱ्यासोबत वर येऊन पडतात, आणि हिमयुगात हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी असल्यानेही वृक्षरेषा, म्हणजे जिच्या वर झाडे वाढत नाहीत ती सीमा, खाली आली असावी, म्हणून सारे श्रेय थंडीला देता येत नाही. शिवाय गाळातली खनिजे काढण्यासाठी बहुधा हायड्रोफ्लोरिक आम्ल हे अत्यंत घातक आम्ल वापरतात. साध्या प्रयोगशाळेत ते कुणी हाताळू नये, असे माझे ठाम मत आहे.

डायटम हे सूक्ष्म शैवाल. मराठीतले ‘करंडक वनस्पती’ हे नाव किती नेमके आहे, कारण त्यांच्या सिलिकेच्या कवचाचे दोन भाग कुंकवाच्या करंड्यासारखे एकमेकांत बसतात. तलावपाळीच्या पायरीवरचा तपकिरी, बुळबुळीत थर जुन्या टूथब्रशने खरवडून हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तापवला, की सेंद्रिय अंश निघून जातो आणि हजारपट मोठे दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रेघांची, होडीच्या घाटाची कवचे दिसतात. ओळखण्याचा सराव असा घराजवळच होतो.

डायटम पाण्याविषयी बोलतात: खारटपणा, आम्लता, पोषकद्रव्ये, खोली. पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवरच्या टिटिकाका सरोवरात सुमारे ६,००० ते ५,००० वर्षांपूर्वीच्या गाळात खाऱ्या पाण्यातील जाती आढळतात. तेव्हा पातळी आजच्यापेक्षा सुमारे ८५ मीटर खाली गेली होती. तापमान मात्र त्यांच्याकडून थेट मिळत नाही. इक्वादोरच्या काहास पर्वतराजीत अलीकडे डिस्कोस्टेला या प्रजातीचे तरंगते डायटम वाढले, त्याचा संबंध संशोधकांनी तापणारी हवा, मंदावलेला वारा आणि पाण्याचे न मिसळणारे थर यांच्याशी जोडला. अल्कधर्मी पाण्यात नाजूक कवचे विरघळतात आणि जाड तेवढी उरतात, म्हणून मोजणीपूर्वी कवचांच्या कडा झिजल्या आहेत का, हे पाहावेच लागते.

हाती एक वर्ष आणि एक चांगला सूक्ष्मदर्शक असेल, तर मी डायटमच घ्यायला सांगेन, पण प्रश्न पावसाचा आणि पाणीपातळीचा ठेवून. वृक्षरेषेचाच ध्यास असेल, तर आधी आम्लासाठी सुरक्षित धूरकपाट (विषारी वाफा बाहेर खेचून घेणारे कपाट) असलेली प्रयोगशाळा गाठावी आणि मगच मार्गदर्शकांकडे विषय नोंदवावा.