निवृत्तांच्या संघाचे सभासदत्व : वर्षभराच्या वापरानंतर

भुसावळमधील आमच्या भागातल्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघाचे सभासदत्व मी गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर घेतले. आता दुसऱ्या वर्षाची वर्गणी भरण्याची वेळ आली आहे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. अशा संघांविषयी जे छापून येते ते बहुधा वर्धापनदिनाच्या वृत्तांताच्या स्वरूपाचे असते; दीपप्रज्वलन कोणी केले आणि आभार कोणी मानले एवढेच त्यातून समजते. सभासदाला प्रत्यक्षात काय मिळते, स्वयंसेवक म्हणून त्याच्याकडून काय मागितले जाते आणि त्यातले काय टिकते, हे नव्याने येणाऱ्याला कोणी सांगत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आणि माझे यजमान रेल्वेतून, त्यामुळे संघातल्या दोन्ही गोटांत माझी ऊठबस आहे.

गोट हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. भुसावळ हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय असल्यामुळे येथील कोणत्याही निवृत्तांच्या संघावर रेल्वेची छाप असणारच. गार्ड, लोको पायलट, तिकीट तपासनीस, वर्कशॉपमधले फिटर अशी मंडळी निम्म्याहून अधिक, आणि त्यांत उत्तर व दक्षिण भारतातून येऊन येथेच स्थायिक झालेलेही अनेक, म्हणून सभेची सुरुवात मराठीत होते आणि वाद हिंदीत रंगतो. त्यांच्या जोडीला भुसावळ व वरणगावच्या आयुध निर्माणीतले, दीपनगरच्या औष्णिक केंद्रातले, एसटीतले आणि आम्ही शिक्षक. पहिल्या महिन्यातच लक्षात येते ते हे की निवृत्त हा एक वर्ग नाही. रेल्वेच्या निवृत्ताला महागाई भत्त्यासह पेन्शन आणि वर प्रवासाचा पास मिळतो. एसटीच्या किंवा खासगी गिरणीच्या निवृत्ताला भविष्य निर्वाह निधीच्या 1995 च्या योजनेतून जे मिळते, त्याची किमान मर्यादा 2014 पासून महिना 1000 रुपयांवरच थांबलेली आहे आणि त्यावर महागाई भत्ताही नाही. सहलीचा खर्च किंवा वाढदिवसाचा फराळ ठरवताना ज्याच्या हे ध्यानात राहत नाही, तो कार्यकर्ता नकळत अर्ध्या सभासदांना घरी बसवतो. आमच्या संघात वर्षाच्या पूर्वार्धात असेच होत होते.

करमणुकीच्या कार्यक्रमांविषयी थोडक्यात सांगते. कॅरम आणि पत्ते रोज असतात, वाढदिवस महिन्यातून एकदा एकत्र साजरे होतात, आणि व्याख्याने वक्त्यावर अवलंबून असतात. मधुमेहावर बोलणारा डॉक्टर आला की खुर्च्या कमी पडतात आणि ‘आनंदी वार्धक्य’ या विषयावर बोलणारा आला की मागच्या रांगेत डुलक्या सुरू होतात. मला यात श्रोत्यांची काही चूक दिसत नाही. थंडीत शेतावर झालेली भरीत पार्टी मात्र स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात यांच्यासमोर पदांचा अभिमान टिकत नाही. एरवी एकमेकांशी जेमतेम बोलणारे दोन निवृत्त अधिकारी त्या दिवशी वांग्यांची सालं काढत शेजारी बसलेले मी पाहिले. खर्चही माणशी इतका कमी आला की कोणाला न येण्याचे निमित्त शोधावे लागले नाही.

सहलींचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च 2020 मध्ये थांबवली, त्यामुळे रेल्वेने जायचे म्हटले की पासधारक उत्साहात आणि बाकीचे हिशेबात, असे चित्र दिसे. मग एका एसटीतल्या नानांनी सुचवले की एसटीनेच जावे. 75 वर्षांवरील सर्वांना ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, 65 ते 75 या वयोगटाला अर्धे तिकीट आहे आणि मार्च 2023 पासून महिलांना वयाची अट न ठेवता अर्धे तिकीट आहे. याचा गमतीदार परिणाम असा की संघातले सर्वांत तरुण, म्हणजे पासष्टीच्या आतले पुरुषच तेवढे पूर्ण भाडे भरतात आणि त्यावरून त्यांची थट्टा होते. तापी व पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव, मुक्ताईनगरजवळचे कोथळीचे मंदिर आणि हिवाळ्यात पक्षी उतरतात ते हतनूर धरण अशा जवळच्या सहली त्यामुळे सहज निघाल्या. बऱ्हाणपूरला जायचे असेल तर ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, हे आधी सांगून ठेवलेले बरे.

आता ज्या कारणासाठी मी वर्गणी पुन्हा भरणार आहे त्याकडे वळते. संघाच्या खोलीत आठवड्यातून दोन सकाळी एक टेबल मांडले जाते, त्याला सगळे नुसते ‘टेबल’च म्हणतात. तेथे लेखा विभागातून निवृत्त झालेले एक आबा, बँकेतून निवृत्त झालेल्या एक ताई आणि मोबाइल हाताळण्यात हुशार असलेले दोन-तीन जण बसतात आणि येईल त्याचे पेन्शनविषयक कागद पाहतात. येणारा सभासद असलाच पाहिजे असा नियम नाही, हे विशेष. नोव्हेंबरमध्ये येथे रांग लागते, कारण तो हयातीच्या दाखल्याचा, म्हणजे पेन्शनधारक जिवंत असल्याचा पुरावा देण्याचा महिना. (ऐंशी पूर्ण केलेल्या केंद्रीय निवृत्तांना हा दाखला 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि 1995 च्या योजनेतल्या निवृत्तांना वर्षात केव्हाही दिला तरी तो दिल्यापासून वर्षभर चालतो, हे माहीत नसल्यामुळे दोघेही विनाकारण नोव्हेंबरच्या गर्दीत उभे राहतात.)

ज्यांच्या बोटांचे ठसे कामामुळे किंवा वयामुळे उमटत नाहीत, त्यांच्यासाठी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय मोठी उपकारक ठरली. मोबाइलवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन ॲप घ्यावी लागतात; आधी मोबाइल चालवणाऱ्याची ओळख पटते, मग निवृत्ताची, आणि एकाच मोबाइलवरून अनेकांचे दाखले काढता येतात. उजेड चेहऱ्यावर पडेल असे बसवायचे, चष्मा काढायला सांगायचे आणि पापणी मिटायला सांगायची, एवढ्याने बहुतेकांचे काम होते. दाखला तयार झाल्याचा संदेश आला म्हणजे पेन्शन देणाऱ्या कार्यालयाने तो स्वीकारला असे होत नाही, हे मात्र टेबलावरच्या ताई प्रत्येकाला बजावतात. पेन्शन आदेशाचा क्रमांक किंवा खाते क्रमांक चुकला तर दाखला नाकारला जातो आणि माणूस निर्धास्त राहतो. म्हणून आठवड्याने पुन्हा येऊन स्थिती पाहण्याची तारीख एका वहीत लिहिली जाते. माझे काम त्या वहीचे आहे. हजेरीपट हाताळण्यात आयुष्य गेल्यामुळे मला ते जमते.

या टेबलावर मी जे शिकले ते कोणत्याही व्याख्यानात ऐकले नव्हते. केंद्र सरकारच्या निवृत्तांना वयाच्या ऐंशीनंतर मूळ पेन्शनवर 20 टक्के वाढ मिळते, पंच्याऐंशीला ती 30 टक्के होते, आणि हीच वाढ कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवांनाही लागू आहे. अडचण अशी की जुन्या पेन्शन आदेशांवर पत्नीची जन्मतारीख लिहिलेलीच नसते. मग ऐंशी उलटलेल्या बाईला वाढ कोणत्या तारखेपासून द्यायची हे बँकेला कळत नाही आणि ती बाई मागायला जात नाही, कारण असे काही मिळते हेच तिला ठाऊक नसते. कोणाचे नाव आदेशावर एक, आधारवर दुसरे आणि पासबुकात तिसरे असते. आपल्याकडे सासरी नाव बदलण्याची रीत होती, तिचा हिशेब असा वार्धक्यात चुकवावा लागतो. आबांचे म्हणणे असे की हे सगळे पती हयात असताना दुरुस्त करावे, खाते दोघांच्या नावाने असावे, म्हणजे पुढे पत्नीला नवे खाते उघडण्यासाठी हेलपाटे घालावे लागत नाहीत. हे बोलायला पुरुष कचरतात. जणू कागद केला की मरण येते. आम्ही दोघांनी आमचे कागद टेबलावर ठेवले तेव्हा यजमानांनीही आधी तोंड वाकडे केले होते. पेन्शनच्या तक्रारी ऐकणाऱ्या रेल्वेच्या पेन्शन अदालतीसाठी अर्ज लिहून देण्याचे कामही येथूनच होते आणि ते अर्ज आबा स्वच्छ, तक्रारीचा सूर न लावता लिहितात.

सत्तरीपुढच्या लोकांसाठी आयुष्मान भारत योजनेतले वय वंदना कार्ड काढून देणे हे वर्षातले दुसरे उपयुक्त काम ठरले. यात उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे, त्यामुळे ज्यांना रेल्वेच्या दवाखान्याची सोय नाही अशा एसटीच्या व गिरणीच्या निवृत्तांना त्याचे मोल अधिक. रुग्णालय योजनेच्या यादीत आहे की नाही हे दाखल होण्यापूर्वी पाहावे लागते. मुले विचारत नाहीत, घर नावावर करून घेतले आणि आता सांभाळत नाहीत, अशा तक्रारीही क्वचित येतात. त्या वेळी दार लोटून घेतले जाते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाच्या 2007 च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मागता येते, आणि 14567 ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी आहे, एवढे सांगून निर्णय त्या माणसावर सोडला जातो. बहुतेक जण अर्ज करत नाहीत. सांगून हलके होतात आणि जातात. फसवणुकीचा फोन आल्यास 1930 हा क्रमांक लावावा, असा फलक मात्र टेबलामागे ठळक अक्षरांत आहे आणि तो वाचून एका सभासदाने वेळेत फोन केल्याचेही आम्ही पाहिले.

बाकीच्या सेवाकार्यांचा अनुभव संमिश्र आहे. रक्तदान शिबिराची घोषणा मोठ्या हौसेने झाली, पण रक्तदात्याच्या वयाची वरची मर्यादा 65 आहे आणि पहिल्यांदाच देणाऱ्याला साठीनंतर घेत नाहीत, त्यामुळे आमच्यातले फार थोडे पात्र ठरले. शेवटी आम्ही नोंदणीचे टेबल आणि चहा-बिस्किटे सांभाळली आणि रक्त आमच्या मुला-सुनांच्या पिढीने दिले. ही विभागणी खरे तर योग्य होती, फक्त ती आधी ठरवायला हवी होती. वृक्षारोपण जुलैमध्ये फोटोसह झाले. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, त्या दिवसांत रोपांना पाणी घालायला दोनच अण्णा सायकलवर कॅन बांधून जात राहिले आणि जी काही कडुलिंबे जगली ती त्यांची. यंदा जेवढ्यांना उन्हाळ्यात पाणी घालता येईल तेवढीच रोपे लावायची, असे कार्यकारिणीने मान्य केले आहे. उन्हाळ्यातली पाणपोई मात्र बसस्थानकाजवळ नीट चालली, कारण तिची पाळी सकाळी दोन तासांची होती आणि माठ भरण्याची जबाबदारी समोरच्या दुकानदाराने घेतली होती.

जवळच्या शाळेतला वाचनाचा तास मी सुरू केला, म्हणून त्याविषयी कौतुकाने बोलणे बरे दिसणार नाही. एक व्यवस्थेची गोष्ट तेवढी सांगते. आपल्या वयाचा माणूस वर्षातले किती तरी दिवस पुण्या-मुंबईला मुलांकडे असतो. लेकीचे बाळंतपण, नातवाच्या परीक्षा, दिवाळी, मे महिना. म्हणून प्रत्येक कामाला दोन माणसे नेमावीत आणि दोघांनी गावाला जाण्याच्या तारखा आधी सांगाव्यात, हा नियम आम्ही शाळेपुरता केला आणि तो तास खंड न पडता चालला. जी कामे एकाच उत्साही माणसावर सोपवली होती, ती त्याच्या नातवंडांबरोबर गावाला गेली.

दोष सांगायचे तर पहिला सत्कारांचा. कोणीही पाहुणा आला की शाल, श्रीफळ आणि गुलाबपुष्प. वर्षाच्या जमाखर्चात यावर झालेला खर्च टेबलाच्या झेरॉक्स व इंटरनेटच्या खर्चापेक्षा अधिक निघाला आणि तो वाचून दाखवला गेला तेव्हा सभागृहात कोणी हसले नाही. दुसरा दोष पदांचा. निवृत्तीला दहा वर्षे झाली तरी काहींना ‘साहेब’ म्हटल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि ज्यांच्या हाताखाली काम केले त्यांच्यासमोर जुने खलाशी, म्हणजे रेल्वेतले मदतनीस, आजही खुर्चीच्या टोकावर बसतात. टेबलावर हे होत नाही, कारण तेथे ज्याला माहिती आहे तोच बोलतो.

तिसरा दोष माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. संघात स्त्रिया फार कमी आहेत आणि ज्या आहेत त्यांना हळदीकुंकू व खानदेशातल्या कानबाईच्या सणाच्या रोटांच्या वेळी आठवले जाते. सभेची वेळ सकाळी साडेनऊची, म्हणजे नेमकी स्वयंपाकाची. ज्या विधवांना टेबलाची सर्वाधिक गरज आहे त्या स्वतः नोकरीत नव्हत्या, म्हणून नियमानुसार त्यांना पूर्ण सभासदत्व मिळत नाही, मतही देता येत नाही. पतीच्या नावामागे ‘कुटुंब सभासद’ एवढीच त्यांची नोंद. येत्या वार्षिक सभेसाठी मी आणि बँकेतल्या ताईंनी मिळून दोन ठराव लेखी दिले आहेत: कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला पूर्ण सभासदत्व द्यावे आणि टेबलाची एक पाळी दुपारी चारला ठेवावी. पहिल्या ठरावाला घटनादुरुस्ती लागेल आणि ती धर्मादाय कार्यालयाकडे कळवावी लागेल, असे सचिवांनी सांगितले. ते खरेही आहे. दुसऱ्या ठरावाला दाराची किल्ली लागते, ती आबा द्यायला तयार आहेत. वर्गणी मी या आठवड्यात भरते आहे, कारण थकबाकीदाराला सभेत मत नसते.