डोंगराची सावली पडल्यावर: पाम स्प्रिंग्जचं डेल मार्कोस हॉटेल, आठ महिन्यांच्या कामानंतर

कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जला कॅमेरा घेऊन येणारे बहुतेक जण उन्हासाठी येतात. निळंभोर आकाश, पांढरी भिंत, तरणतलाव, ताडाची झाडं, आणि सगळ्यावर दुपारचा लख्ख उजेड. ऑक्टोबर ते मे असा अख्खा हंगाम डेल मार्कोस हॉटेलवर काम केल्यावर मत पक्कं झालं आहे की इथली उत्तम चित्रं ऊन उतरल्यावर मिळतात. ती मिळवायची तर एका मुक्कामात भागत नाही.

हॉटेल १९४७ सालचं. आर्किटेक्ट विल्यम कोडी, पाम स्प्रिंग्जमधल्या त्याच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी हे एक. पुढे १९५२ मध्ये त्याने इथेच होरायझन हॉटेल केलं, नंतर गावातलं सेंट थेरेसा चर्च आणि सार्वजनिक ग्रंथालयही. डेल मार्कोसचा दर्शनी भाग स्थानिक दगड आणि रेडवुड लाकडाचा, मुद्दाम असमान ठेवलेला. आत तलावाभोवती खोल्या, मोठ्या काचा, सपाट छप्पर. सगळा डौल आडव्या रेषांत आहे. दोनतीन भेटींत एवढंच दिसतं. छज्जा किती पुढे काढला आहे आणि का, हे कळायला ऋतू बदलावा लागतो.

थोडं गणित. पाम स्प्रिंग्ज साधारण ३३.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. खऱ्या मध्यान्ही सूर्य २१ जूनला सुमारे ७९.६ अंश उंच असतो, २१ डिसेंबरला जेमतेम ३२.७. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर एक फूट छज्जाची सावली त्या वेळी जूनमध्ये जवळजवळ साडेपाच फूट खाली उतरते, मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनी दीड फूट आणि डिसेंबरात फक्त आठ इंच. म्हणजे छज्जा तोच असताना उन्हाळ्यात काच पूर्ण झाकली जाते आणि हिवाळ्यात ऊन थेट खोलीत शिरतं. पुण्यामुंबईच्या उन्हाची सवय असलेल्यांचा अंदाज इथे हमखास चुकतो, कारण पुण्यात डिसेंबरातही मध्यान्हीचा सूर्य सुमारे ४८ अंशांवर असतो. इथला हिवाळी सूर्य इतका खाली असतो की दुपारी बारालाही सावल्या लांब पडतात. दगडी भिंतीसाठी मात्र उन्हाचा कोन महत्त्वाचा. ऊन भिंतीला घासून जाईल अशा कोनात आलं की दगडाचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. समोरून आलं की तीच भिंत छापील कागदासारखी सपाट दिसते. म्हणून पहिल्या दिवशी होकायंत्र घेऊन कुठली भिंत कुठल्या दिशेला आहे ते टिपून ठेवा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आता सावलीबद्दल, कारण या जागेचा जीव तिच्यात आहे. गावाच्या पश्चिमेला सॅन हसिंटोचा डोंगर उभा आहे. शिखर १०,८३४ फूट, आणि गाव अवघ्या पाचएकशे फुटांवर. हॉटेल तर डोंगराच्या पायथ्याकडच्या भागातच आहे. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत अधिकृत सूर्यास्त पावणेपाचच्या आसपास असला, तरी हॉटेलवरचं ऊन तीनच्या सुमारास जातं. फोनमधलं अ‍ॅप सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिज धरून देतं, डोंगर धरत नाही. चारला ‘सोनेरी ऊन’ मिळेल या हिशेबाने आलेल्या माणसाच्या हाती निळसर सावलीच लागते. उपाय साधा आहे: पोचल्या दिवशी तलावाच्या काठावरून सावलीची कड कधी सरकते ते घड्याळ लावून बघा आणि दुसऱ्या दिवशीचं काम त्यावर बांधा. मेमध्ये ही वेळ संध्याकाळकडे सरकते, सूर्यास्त पावणेआठला जातो.

सावली पडली म्हणून कॅमेरा पिशवीत घालू नये. हिवाळ्यात तिथून पुढचा दीड तास म्हणजे वास्तुचित्रणाची शाळाच. आकाश अजून उजळ असतं, पूर्वेचे उघडे डोंगर उन्हात तांबूस दिसतात आणि हॉटेलवर कुठेही काळी सावली नसते. आयएसओ १०० (सेन्सरची प्रकाशसंवेदना) आणि एफ-८ ला (लेन्सच्या छिद्राचं माप) सुरुवातीला १/६० सेकंदाच्या आसपास एक्सपोजर येतं. मुख्य फायदा खोलीच्या आतून फोटो घेताना होतो. भर दुपारी आत आणि बाहेर सहा-सात स्टॉपचा फरक असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). काच सांभाळली तर खोली काळी, खोली सांभाळली तर तलाव पांढराफटक. कमीजास्त एक्सपोजरच्या पाच फ्रेम्स जोडून कसंबसं निभावतं, पण चित्र बनावट वाटतं. डोंगराची सावली आली की तोच फरक चारेक स्टॉपवर येतो. मग खोलीतले दिवे लावायचे. सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी आतला आणि बाहेरचा उजेड जवळपास सारखा होतो, आणि एकाच फ्रेममध्ये दोन्ही मिळतात: एफ-८ ला १ ते ४ सेकंद. हा समतोल फार तर दहा मिनिटं टिकतो. ट्रायपॉडची जागा, फोकस, शिफ्ट (लेन्स वर-खाली सरकवणं) सगळं त्याआधी ठरलेलं हवं.

याच गावात वास्तुछायाचित्रकार ज्युलियस शुलमनने १९४७ मध्ये आर्किटेक्ट रिचर्ड नॉयट्राच्या काउफमन घराचा संध्याकाळचा फोटो घेतला. एकाच फिल्मवर, शटर उघडत-मिटत, दिवे लावत-मालवत, सुमारे ४५ मिनिटांचं ते एक्सपोजर होतं. तलावातला दिवा फिल्मवर जळून जाऊ नये म्हणून घराच्या मालकीणबाईंना त्याच्या आड पहुडायला सांगितलं होतं. डेल मार्कोसवर काम करताना त्याचं कारण लगेच पटतं. पाण्याखालचा दिवा थेट कॅमेऱ्याकडे तोंड करून असेल, तर तेवढाच भाग पांढरा होतो आणि भोवती हिरवट वलय येतं. एकतर दिवा झाडाच्या किंवा खुर्चीच्या आड घ्या, नाहीतर तलावाचा दिवा लागण्याआधी मुख्य फ्रेम घेऊन ठेवा. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटा आपोआप जुळवणारी कॅमेऱ्याची सोय, इथे सपशेल गोंधळतो: सावली निळी, खोली पिवळी, पाणी हिरवं. ग्रे कार्डावर (रंग जुळवायच्या करड्या पुठ्ठ्यावर) एक फ्रेम घ्या, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाईल ठेवा आणि सावलीचा निळेपणा सगळा पुसू नका. वाळवंटातली संध्याकाळ तशीच असते. पांढरी भिंत पूर्ण पांढरी केली की ती कुठल्याही गावची होते.

लेन्सबाबत एवढंच: २४ मिलिमीटरची शिफ्ट लेन्स असेल तर नव्वद टक्के काम तिच्यावर होतं. कॅमेरा पातळीत ठेवायचा आणि वर बघण्याऐवजी लेन्स सरकवायची, नाहीतर आडव्या रेषांची ही इमारत मागे कलते. उंची डोळ्याची नको, १२० सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. मग छज्जाची खालची बाजू दिसते आणि छप्पर तरंगल्यासारखं वाटतं. शिफ्ट लेन्स नसेल तर २० मिलिमीटरने कॅमेरा सरळ धरून घ्या आणि खालची जमीन नंतर कापा. पोलरायझर हा फिल्टर काचेवरचं प्रतिबिंब काढायला उपयोगी आहे, काचेशी साधारण ३५ अंशांच्या कोनात तो सर्वांत चांगला चालतो. आकाशासाठी मात्र टाळा. इथली हवा इतकी कोरडी आहे की आकाश आधीच गडद असतं. वाइड लेन्सवर त्यात काळपट पट्टा उमटतो आणि तो नंतर निघत नाही.

वारा हा इथला खरा शत्रू. गावाच्या वायव्येला सॅन गोर्गोनियो खिंड आहे, पवनचक्क्यांची रांग तिथेच उभी आहे. वसंतात दुपारनंतर वारा सुटला की तलावातलं प्रतिबिंब फाटतं, ताडाच्या झावळ्या दोन सेकंदांत धुरासारख्या होतात आणि उंच केलेला ट्रायपॉड थरथरतो. मधला दांडा खाली ठेवा, पाच-सहा किलोची पिशवी लटकवा, पण ती जमिनीला टेकू द्या. झुलती पिशवी उलट हलवते. आरशासारखं पाणी हवं असेल तर सूर्योदयाआधीचा अर्धा तास. तेव्हा वारा पडलेला असतो, पाहुणे झोपलेले असतात. तलावाचा पंप चालू असेल तर तेवढ्यानेही पाणी हलतं, म्हणून त्याची वेळ आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवावी. त्याच वेळी पश्चिमेच्या शिखरावर पहिलं ऊन पडतं आणि हॉटेल अजून सावलीत असतं. फरक तीन-चार स्टॉपचा. ग्रॅज्युएटेड फिल्टर (वरचा भाग गडद असलेला) लावला तर ताडांचे शेंडे काळे पडतात, त्यामुळे दोन फ्रेम्स घेऊन जोडणंच बरं.

धूळ आणि उष्णतेचं सांगायलाच हवं. कोरड्या हवेत स्थिर वीज साचते आणि धूळ सेन्सरला चिकटते. लेन्स तलावाकाठी बदलू नका, खोलीत दार लावून बदला, आणि रबरी ब्लोअर रोज वापरा. कोकणातल्या पावसाळ्यात एसीतून बाहेर आलं की लेन्सवर वाफ धरते. इथे ती अडचण एरवी येत नाही. बहुतेक कॅमेरे ४० अंश सेल्सियसपर्यंतच चालवायचे असतात, आणि मेमध्ये सावलीतच तेवढं तापमान होऊ शकतं. काळी बॉडी उन्हात त्याहून तापते, लांब एक्सपोजरमध्ये ठिपके वाढतात. दोन फ्रेम्सच्या मध्ये कॅमेऱ्यावर पांढरा रुमाल टाकला तरी फरक पडतो. फिल्म वापरत असाल तर ती गाडीत कधीही ठेवू नका. जून ते सप्टेंबर इथे चित्रणासाठी यावंच असं नाही. ५ जुलै २०२४ ला या गावात १२४ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ५१ सेल्सियस नोंदलं गेलं.

महिना एकच निवडायचा तर नोव्हेंबर. सूर्य पुरेसा खाली आलेला, वारा वसंतापेक्षा कमी, संध्याकाळ लवकर. फेब्रुवारीचा प्रकाशही तितकाच सुंदर, पण तेव्हा मॉडर्निझम वीक हा आधुनिक वास्तुकलेचा महोत्सव असतो, गाव वास्तुप्रेमींनी भरून जातं आणि दर्शनी भागासमोर गाड्या उभ्या राहतात. त्या महिन्यात पुढची बाजू पहाटेच उरकावी. व्यावसायिक कामासाठी हॉटेलची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि तलावाकाठी बसलेल्या पाहुण्यांना विचारल्याशिवाय फ्रेममध्ये घेऊ नये. लॉस एंजेलिसहून रस्त्याने साधारण दोन तास लागतात. दुपारी एकपर्यंत पोचलात तर सावलीची कड सरकताना बघायला पहिल्याच दिवशी मिळेल.