किम स्टॅनली रॉबिन्सन हा अमेरिकन विज्ञानकथा लेखक वाचायचाय? माझी आवडती पुस्तकं सांगतो

गेल्या मे महिन्यात भर दुपारी नागपुरात लाइट गेली होती तेव्हा 'द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर' हातात घेतलं आणि पहिलं प्रकरण संपेपर्यंत पोटात गोळा आला. २०२० चं पुस्तक आहे. उत्तर प्रदेशातलं गाव, उष्णतेची लाट, वीज गेलेली, आणि हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही. वेट बल्ब तापमान म्हणजे काय ते मला इथे नीट कळलं. थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळलं की जे तापमान दिसतं ते, आणि ते ३५ ला पोचलं तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत जातो, कारण अंग गार व्हायला मार्गच उरत नाही. आपल्याकडे ४५ मध्ये कूलर गारवा देतो कारण विदर्भाची हवा कोरडी, तोच कूलर जुलैत लावून बघा, गादी उशी सगळं चिकट आणि गारवा काहीच नाही. पुस्तकात हेच घडतं आणि दोन कोटी माणसं मरतात.

तरी मी याला आशावादी लेखक म्हणतो, कारण त्यानंतर सगळी माणसं कामाला लागतात. झुरिकमधलं या मिनिस्ट्रीचं ऑफिस चालवणारी मेरी मर्फी मध्यवर्ती बँकांच्या मागे लागते की कार्बन जमिनीतच ठेवणाऱ्याला त्याचा मोबदला द्या, तिकडे अंटार्क्टिकात इंजिनियर हिमनदीच्या बुडाशी साचलेलं पाणी पंपाने उपसतात म्हणजे बर्फ पुन्हा खडकावर टेकेल आणि घसरण मंदावेल. पंप, पाइप, पैसा, मीटिंगा. काही प्रकरणं अगदी रिपोर्टसारखी आहेत, तिथे दमायला होतं, मीही दमलो. पण शेवटी हवेतला कार्बन डायऑक्साइड खरंच उतरायला लागतो ना, तेव्हा आपण स्वतः काहीतरी उपसून आल्यासारखं वाटतं.

सगळ्यात लाडकं मात्र 'रेड मार्स', १९९२ चं. मंगळावर गेलेले पहिले शंभर जण. त्यातली नादिया ही सैबेरियातली इंजिनियर माझी एकदम फेव्हरिट, बाकीचे भांडत असतात आणि ही आपली खोकी उघडून हत्यारं काढते, भिंत बांधते, मशीन दुरुस्त करते आणि त्यातच खूश असते. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा साधारण ३९ मिनिटांनी मोठा, मग घड्याळाचं काय करायचं? तर मध्यरात्री घड्याळं तेवढा वेळ थांबतात, आणि तो वेळ कुणाच्याच हिशोबात नाही. इतकी साधी आयडिया, पण मला ती रोज रात्री आठवते. त्या शंभरांतल्याच सॅक्सला मंगळ हिरवा करायचाय, ॲनला दगड आहेत तसेच राहू द्यायचेत, आणि वाचताना मी दहा वेळा पार्टी बदलली. पुढचे 'ग्रीन मार्स' आणि 'ब्लू मार्स' दोघांनाही ह्यूगो हे विज्ञानकथांचं मोठं बक्षीस मिळालं. दगडमातीची वर्णनं पानंच्या पानं आहेत, घाई करू नका, मंगळाचा नकाशा जवळ ठेवून वाचा, मजा येते.

जाड पुस्तकांची भीती वाटत असेल तर १९९० चं 'पॅसिफिक एज' घ्या. कॅलिफोर्नियातलं छोटं गाव, एक टेकडी, आणि तिच्यावर बांधकाम करायचं की नाही यावरून गावच्या कौन्सिलमध्ये वाद. बस एवढंच. केविन घरं दुरुस्त करतो, सॉफ्टबॉल खेळतो, प्रेमात पडतो. चांगलं जग झालं तरी त्यात दुःख राहतंच हे त्याने इतकं हळुवार लिहिलंय की मी दोनदा वाचलं.

२०१५ चं 'ऑरोरा' शेवटी ठेवा. टाऊ सेटी या ताऱ्याकडे निघालेलं अंतराळ जहाज, पिढ्यान्‌पिढ्या त्यातच, आणि देवी नावाची बाई रात्रंदिवस शोधतेय की फॉस्फरस नेमका जातो कुठे, कारण बंद डब्यात माती जिवंत ठेवणं किती अवघड ते फक्त तिलाच कळलंय. बरीचशी गोष्ट जहाज स्वतः सांगतं, आणि सांगता सांगता गोष्ट सांगायला शिकतं. ते वाचून झाल्यावर मी गच्चीवरच्या कुंडीतली माती हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो.