काळविटाच्या छायाकृतीचे सीटूसी ब्लँकेट : एका क्रोशा संचाचे परीक्षण

एका कोपऱ्यातून सुरुवात करून तिरक्या रांगांनी समोरच्या कोपऱ्यापर्यंत विणत न्यायच्या ब्लँकेटला क्रोशा करणाऱ्या मंडळींत आता सर्रास ‘सीटूसी’ (‘कॉर्नर टू कॉर्नर’चे लघुरूप) म्हटले जाते, आणि त्यात चित्र विणण्याची हौसही वाढते आहे. लोकर, सुई आणि चौकटींचा नकाशा असा सारा सरंजाम एका खोक्यात देणारे संच त्यामुळे मिळू लागले आहेत. मी विणलेला संच पुणे परिसरातील एका लहान घरगुती व्यवसायाचा असून त्यात काळविटाची काळी छायाकृती मोतिया पार्श्वभूमीवर आहे. व्यवसाय अजून लहान आहे आणि मला काही त्रुटीही स्पष्टपणे लिहायच्या आहेत, म्हणून त्याचे नाव येथे देत नाही. असा कोणताही संच घेताना काय पारखून घ्यावे, हे मात्र या परीक्षणातून वाचकांना नक्की कळेल.

संचाची किंमत २,४५० रुपये आहे. त्यात १०० ग्रॅमचे दहा मोतिया गुंडे, चार काळे गुंडे, ४.५ मिलिमीटरची क्रोशाची सुई, टोके आत ओवण्यासाठी बोथट सुई, दोरा गुंडाळण्याच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि बारा पानांची मराठी पुस्तिका मिळते. नकाशा रुंदीला ६० आणि उंचीला ७० घरांचा, म्हणजे एकूण ४,२०० घरांचा आहे. एक घर दोन सेंटिमीटरचे भरले तर ब्लँकेट १२० बाय १४० सेंटिमीटरचे होईल, असे पुस्तिकेत सांगितले आहे आणि माझ्या हाताला ते माप बरोबर उतरले.

ज्यांच्या घरात क्रोशाची तोरणे विणली गेली आहेत, त्यांना या नकाशाची भीती वाटण्याचे कारण नाही. जाळीच्या तोरणावरचे पोपट, मोर आणि गणपती भरीव घर व रिकामे घर याच हिशेबाने उमटत आले आहेत, आणि रुखवतात मांडलेल्या कित्येक रुमालांच्या कडाही तशाच मोजून विणलेल्या असतात. फरक इतकाच की तोरणात रांग आडवी जाते आणि आकृती भरीव-पोकळ भागांतून दिसते, तर येथे रांग तिरकी जाते, प्रत्येक घर भरीवच असते आणि आकृती रंगातून दिसते. घराची वीण अगदी सोपी आहे. सुरुवातीला सहा साखळ्या घालून सुईपासूनच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या साखळीत एकेक खांब (उंच टाका) घातला की पहिले घर तयार होते. पुढे मागच्या रांगेतील घराच्या तीन साखळ्यांच्या पोकळीत स्लिप स्टिच (जोडणारा सपाट टाका) घालायची आणि तेथेच तीन साखळ्या व तीन खांब विणायचे. ज्याला साखळी आणि खांब येतात त्याला हे घर विणता येते, आणि म्हणूनच अशा संचात आपण खरे पैसे मोजतो ते विणीसाठी नव्हे, नकाशासाठी.

या संचाचा नकाशा उत्तम आहे, आणि तो उत्तम का आहे हे थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे. छायाकृतीत डोळा, नाकपुडी, अंगावरचे रंग यांपैकी काहीच हाताशी नसते. काळविटाच्या नराचे पांढरे पोट आणि डोळ्याभोवतीचे पांढरे कडे ही त्याची ठळक ओळख, पण तीही सोडून द्यावी लागते. उरते ती केवळ बाह्यरेषा, आणि तीही दोन-दोन सेंटिमीटरच्या चौकोनांत बसवायची. अशा वेळी प्राणी ओळखू येतो तो त्याच्या शिंगांवरून, मानेच्या उचलीवरून आणि पायांमधून दिसणाऱ्या मोकळ्या जागेवरून. हे तीन भाग चुकले तर काळविटाची शेळी व्हायला वेळ लागत नाही. ज्यांनी कर्जत तालुक्यातील रेहेकुरीच्या अभयारण्यात किंवा सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर काळवीट पाहिले आहे, त्यांना नराची ती मागे झुकलेली, पिळदार शिंगे लांबूनही कशी ओळखू येतात हे ठाऊक असेल. नकाशा करणाऱ्या व्यक्तीने नेमका तिथेच जीव ओतला आहे.

विणकाम उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातून सुरू होते. त्यामुळे प्रत्येक तिरकी रांग खाली डावीकडून वर उजवीकडे अशी पडते. या रांगेच्या दिशेने जाणारी रेषा विणणे सोपे असते, कारण तिची सगळी घरे एकाच रांगेत सलग येतात आणि रंग सुरुवातीला एकदा व शेवटी एकदा, असा दोनदाच बदलावा लागतो. उलट दिशेला कललेली बारीक रेषा मात्र एक रांग सोडून एक अशा रांगांत एकेका घराने पुढे सरकते, दर वेळी नवा रंग आत घेऊन लगेच सोडावा लागतो आणि मागच्या बाजूला दोऱ्यांच्या टोकांचे जंगल माजते. या नकाशातील काळवीट डावीकडे तोंड करून उभे आहे. त्यामुळे मागे झुकलेली त्याची शिंगे वर उजवीकडे जातात, म्हणजे बरोबर विणीच्या रांगेवर बसतात. एकेक शिंग शेजारच्या दोन रांगांचे मिळून झाले आहे. दोन रांगांची घरे एकमेकांना कडेने चिकटत असल्याने शिंग कोठेही तुटक दिसत नाही. त्याच्या बाहेरच्या कडेला ठरावीक अंतराने एकेक जादा घर पुढे काढले आहे आणि त्यातून शिंगाचा पीळ डोळ्यांना जाणवतो. दोन शिंगांच्या मध्ये मोतिया रंगाची एकच रांग आहे. सोळा घरे लांबीची ही शिंगे मोजक्या सलग रांगांत विणून होतात. प्राण्याचे तोंड उजवीकडे केले असते तर याच शिंगांसाठी तीसेक रांगांमध्ये रंग बदलत बसावे लागले असते. चित्र आधी काढून मग त्यावर चौकटी आखणाऱ्याला हे सुचत नाही. हा नकाशा ज्याने स्वतः सुई हातात घेतली आहे त्यानेच काढला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मान रुंद असल्याने ती उलट दिशेला कलली तरी अडचण येत नाही. कानाची टोकदार पाकळी शिंगापासून एक घर सोडून काढली आहे, तेही योग्यच. डोळ्यासाठी मध्येच एक पांढरे घर टाकण्याचा मोह टाळला आहे, याचे मला विशेष समाधान वाटले, कारण दोन सेंटिमीटरचा चौकोनी डोळा सुंदर छायाकृतीलाही खेळण्याची कळा आणतो.

अवघड भाग पायांचा आहे. चारही पाय सुटे दाखवले आहेत आणि काटकुळे आहेत, तसे ते असायलाच हवेत. पण उभा पाय प्रत्येक तिरक्या रांगेला छेदतो आणि एकाच रांगेत काळ्या-मोतिया रंगांचे सात-सात तुकडे येतात. प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी पट्टी गुंडाळून घेतली तर काम नीटस होते, मात्र दर रांगेनंतर काम फिरवताना पट्ट्या एकमेकींत गुंतू नयेत म्हणून एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून असे वळवण्याची सवय लावून घ्यावी लागते. संचात पट्ट्या सहाच आहेत. त्या किमान दहा हव्या होत्या. जाड पुठ्ठ्याला खाचा पाडून त्या घरीही करता येतात, हे खरे. तरी हा भाग विणताना त्या लागणारच हे विक्रेत्याला ठाऊक असताना त्यांत काटकसर का केली, हे समजत नाही.

याच ठिकाणी पुस्तिकेतील एक सूचना मला मान्य नाही. पायांमधल्या मोतिया घरांतून काळा दोरा खांबांच्या आत धरून पुढच्या पायापर्यंत न्यावा, असे तिच्यात लिहिले आहे. गडद घरांच्या आतून फिका दोरा नेला तर तो सहसा खपून जातो. फिक्या घरांच्या आतून काळा दोरा नेला की मात्र खांबांच्या फटींतून तो डोकावतो आणि मोतिया रंगावर राखाडी झाक येते. दोन घरांपुरते ते चालून जाईल. त्याहून लांब अंतर असेल तर दोरा तोडून नवी पट्टी घेणेच चांगले, मग शेवटी टोके ओवायला कितीही वेळ लागो. रंग बदलण्याची कृती मात्र पुस्तिकेत अचूक सांगितली आहे. आधीच्या घराचा शेवटचा खांब पुरा करताना सुईवर दोन फास उरले की नवा रंग घेऊन ते दोन्ही फास त्यातूनच काढायचे, म्हणजे पुढचे घर पहिल्या साखळीपासून स्वच्छ नव्या रंगाचे येते.

पुस्तिकेची भाषा हा या संचाचा दुसरा मोठा गुण आहे. इंग्रजी पुस्तिकांत एकाच टाक्याला अमेरिकेत एक नाव आणि इंग्लंडमध्ये दुसरे असल्याने नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो. येथे साखळी, खांब, मुका खांब (आखूड टाका) हेच आपले शब्द वापरले आहेत आणि प्रत्येकाचे छायाचित्र दिले आहे. नकाशाखेरीज सर्व १२९ रांगा शब्दांतही लिहून दिल्या आहेत. प्रत्येक रांगेच्या सुरुवातीला वाचायची दिशा दाखवणारा बाण आहे आणि कोणत्या रंगाची किती घरे हे क्रमाने दिले आहे. साठाव्या रांगेनंतर डाव्या कडेला एक घर कमी करायचे आणि उजव्या कडेला एक वाढवायचे, सत्तराव्या रांगेनंतर दोन्ही कडांना कमी करत जायचे, हे वळण वेगळ्या पानावर मोठ्या आकृतीसह समजावले आहे. आयताकृती सीटूसीत बहुतेकांचे घोडे येथेच अडते, त्यामुळे हे पान फार मोलाचे आहे. रांगेअखेर एकूण घरांची बेरीज छापली असती तर पडताळा पाहणे आणखी सोपे झाले असते.

नकाशाची छपाई मात्र निराशाजनक आहे. साठ बाय सत्तर घरे एका ए-फोर पानावर कोंबल्याने एकेक चौकोन तीन मिलिमीटरच्या आसपास उरतो, आणि दर दहा घरांनंतर जाड रेघ नसल्याने मोजताना नजर घसरते. मी त्याची ए-थ्री आकाराची झेरॉक्स काढून घेतली, दहा-दहा घरांवर लाल पेनाने रेघा मारल्या आणि विणून झालेली रांग पेन्सिलीने खोडत गेले. विकत घेणाऱ्या प्रत्येकाने विणायला बसण्यापूर्वी हेच करावे. २,४५० रुपये घेणाऱ्या विक्रेत्याने मोठा, घडीचा कागद द्यायला हरकत नव्हती.

लोकर ॲक्रिलिकची आहे, मऊ आहे, सुईत फाटत नाही आणि दोन्ही रंगांची जाडी सारखी आहे. सारखी जाडी ही बारीकसारीक बाब समजू नये, कारण काळा दोरा किंचित जाड असता तर काळी घरे फुगून बाह्यरेषा वाकली असती. लोकरीच्या प्रमाणाबद्दल मात्र विक्रेत्याने हात आखडता घेतला आहे. काळी लोकर कडेच्या दोन फेऱ्या विणूनही उरते. मोतिया रंगाचे दहा गुंडे जेमतेम पुरतात, आणि ज्याचा हात सैल आहे त्याला ते कमी पडण्याची शक्यता आहे. म्हणून आधी दहा घरे विणून पाहावीत, ती उसवून लागलेला दोरा मोजावा आणि त्यावरून हिशेब करावा. मला दहा घरांना सुमारे सात मीटर दोरा लागला. गुंड्यांवर रंगाच्या खेपेचा क्रमांक नाही, ही त्याहून गंभीर उणीव आहे. लोकर संपल्यावर दुसऱ्या खेपेतला मोतिया गुंडा आणला तर त्याची छटा किंचित वेगळी निघू शकते, आणि पार्श्वभूमी एकरंगी असल्याने तो पट्टा लगेच दिसून येतो. सैल विणणाऱ्यांनी मागणी नोंदवतानाच अकरावा गुंडा मागून घ्यावा.

कडेला काळ्या लोकरीने मुक्या खांबांच्या दोन फेऱ्या घातल्यावर सीटूसीची करवती कड सरळ झाली. थंड पाण्यात धुतल्यावर काळा रंग मोतियावर उतरला नाही. ब्लँकेट सपाट पसरून सावलीत वाळवावे. ओले लटकवल्यास तिरक्या विणीमुळे ते एका कोपऱ्याकडे ओढले जाते. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री मुळीच फिरवू नये, लोकर चपटी होऊन तिचा जीव जातो.

एवढी लोकर पुण्यात तुळशीबाग-बोहरी आळीच्या भागात हिंडून संचाच्या किमतीपेक्षा बऱ्याच कमी खर्चात मिळेल, हे खरे आहे. तरीही या नकाशासाठी आणि मराठीत लिहिलेल्या त्या १२९ रांगांसाठी वरचे पैसे देणे मला रास्त वाटते. अगदी पहिलेच काम म्हणून मात्र हा संच घेऊ नये. आधी एकरंगी लहान सीटूसी विणून वाढ-घट हातात बसवावी आणि मग याकडे वळावे. डावखुऱ्यांसाठी पुस्तिकेत स्वतंत्र परिच्छेद आहे. त्यांनी डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करून लिहिलेल्या रांगा जशाच्या तशा विणाव्यात. काळवीट उजवीकडे तोंड करून उभे राहील, रांगाही दुसऱ्या बाजूला कलतील आणि शिंगे त्यांच्याही विणीत रांगेवरच येतील.