पहिली सर्व्हिस: किलोमीटर बघायचे की महिने?

नवीन गाडी घेतली की हा प्रश्न येतोच. मारुतीची पहिली फ्री सर्व्हिस 1000 किमी किंवा 1 महिना, जे आधी होईल ते. लोक नेमकं हे 'जे आधी होईल ते' विसरतात.

रोज लांबचं अपडाऊन असेल तर किलोमीटरच बघा, महिना संपायच्या आत हजार होऊन जातात. पण गाडी फक्त रविवारी निघत असेल तर मीटर चारशेवरच असतो आणि माणूस म्हणतो अजून वेळ आहे, आणि तिथेच मुदत हातातून जाते, वॉरंटी क्लेमच्या वेळी सर्व्हिस रेकॉर्ड बघतात तेव्हा हे आठवतं. शिवाय कमी चालणाऱ्या गाडीची बॅटरी उतरते, टायरची हवा कमी होते, हे किलोमीटरवर कळत नाही.

पहिल्या सर्व्हिसला मुख्यतः तपासणीच असते, ऑइल सहसा बदलत नाहीत. तरी जा, कारण ब्रेकचा आवाज, दाराची खडखड हे सगळं तेव्हाच लिहून घेतलेलं बरं.

माझं मत, कमी चालवणाऱ्यांनी तारीखच धरावी. मोबाईलमध्ये डिलिव्हरीच्याच दिवशी रिमाइंडर लावा. आणि मॅन्युअल उघडून बघा, प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असतो.