नवीन गाडीचं ऑइल १,६४० किलोमीटरलाच बदललं होतं, आता १४,८०० झालेत, काय फरक पडला ते लिहितोय

गाडी २०२४ च्या दसऱ्याला घेतली. आम्ही कोल्हापूरचे. बाराशे सीसी, चार सिलिंडर, साधं पेट्रोल, टर्बो वगैरे काही नाही, गिअर हातानेच टाकायचे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव आलं की ऑइल राहतं बाजूला आणि पत्रा पातळ का जाड यावरच मारामारी सुरू होते.

पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय की पहिली सर्व्हिस १,००० किमी किंवा महिना, दुसरी ५,००० किंवा सहा महिने, आणि दोन्हीला नुसतं चेकिंग. ऑइल बदलायचं थेट १०,००० किंवा वर्ष, जे आधी होईल ते. मी काय, बरं म्हटलं. पण घरात आबा आहेत. आबांची तीस वर्षं उद्यमनगरात बोअरिंग होनिंगच्या, म्हणजे सिलिंडर आतून कोरून घासायच्या, मशीनवर गेली, त्यामुळे इंजिन म्हटलं की ते बोनेटवर हात टाकून नाही बोलत, आतून बोलतात. त्यांचं म्हणणं, "ब्लॉक कितीही धू, बर राहतोच. पहिलं ऑइल म्हणजे घर बांधल्यावरचं पहिलं झाडू मारणं."

बर म्हणजे धातू कापल्यावर कडेला राहिलेला बारीक कीस. आणि नवीन इंजिनात धातू सुटतो कसा, तर सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगच्या बारीक तिरक्या रेषा मुद्दाम पाडलेल्या असतात, एकमेकींना छेदणाऱ्या, त्यात ऑइल धरून राहतं. नवीन पिस्टन रिंगा त्या रेषांच्या टोकांवर घासत घासत बसतात आणि मग कॉम्प्रेशन नीट धरतं. घासलं की धातू सुटणार, सुटला की ऑइलमध्ये येणार. यात कोणाचं दुमत नाही. भांडण आहे ते पुढचं, की हा सुटलेला धातू फिल्टर धरतो का इंजिनात फिरत राहतो.

टू व्हीलरला पहिल्या ५०० ते ७५० किमीलाच ऑइल बदलतात मग कारला का नाही, हे मलाही तेव्हा कोणी नीट सांगितलं नव्हतं. कारण अगदी साधं आहे, आपल्या बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच तिघांना एकच ऑइल. नवीन गिअरचे दात एकमेकांवर बसताना जे सुटतं ते आणि क्लच प्लेटची घाण, सगळं त्याच लिटरभर ऑइलात. कारचा गिअरबॉक्स वेगळा, त्याचं ऑइल वेगळं. त्यामुळे बाईकचा नियम उचलून कारला लावणं तसं चुकीचंच आहे. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "बरोबर आहे, तरी बदल."

सर्व्हिस सेंटरला विचारलं. पोरगा चांगला होता, काही गळ्यात मारलं नाही, म्हणाला सर गरज नाही, पाहिजेच असेल तर पैसे भरून करून देतो. वॉरंटीबद्दल खोदून विचारलं, कारण तीन वर्ष एक लाख किमीची वॉरंटी घालवायची हौस नव्हती. आमच्या पुस्तिकेत लवकर बदलू नका असं कुठंच नाही, ग्रेड पुस्तिकेतली असली आणि बिल जपून ठेवलं की झालं. पण हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं हां. होंडाच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलेलं असतं की पहिलं ऑइल ठरलेल्या सर्व्हिसच्या आधी काढू नका. आणि दुसऱ्या टोकाला बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना २,००० किमीला रनिंग इन सर्व्हिस, म्हणजे नवीन इंजिन बसल्यानंतरची सर्व्हिस असते, त्यात ऑइल बदलतातच. म्हणजे दोन्ही पार्ट्यांना बोलायला जागा आहे. आपलं मॅन्युअल काय म्हणतं ते आधी वाचा.

तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, १,६४० किमीला, घराजवळच्या एका बाहेरच्या गॅरेजमध्ये केलं. आमच्या गाडीला ०डब्ल्यू-१६ लागतं (ऑइल किती पातळ ते सांगणारी ही ग्रेड), दर्जा एपीआय एसपी. हे ऑइल हातात घेतलं तर पाण्यासारखं पातळ, आबांनी दोन बोटांत चोळून बघितलं आणि तोंड वाकडं केलं, त्यांच्या काळात २०डब्ल्यू-४० होतं म्हणे. गॅरेजवाला तर ५डब्ल्यू-३० टाकू या, जाड असतं, इंजिन मऊ चालेल असं म्हणत होता. नको म्हटलं. वॉरंटीतल्या गाडीत ग्रेडशी खेळ कशाला. ऑइल १,८५०, फिल्टर ११०, मजुरी २५०, एकूण २,२१० रुपये. वॉशरचे पैसे लावले नव्हते, ते का ते पुढे येतंय.

निघालेलं ऑइल काळं नव्हतं, चहासारखं तांबूस होतं. पण ट्रेमध्ये मोबाईलचा टॉर्च मारला तर अख्खं ऑइल चमकत होतं, गणपतीच्या रंगात जरी पावडर मिसळतात ना, तसं. खरं सांगतो पोटात गोळा आला. आबा मात्र खूश. जुना फिल्टर पिशवीत घालून घेऊन गेले उद्यमनगरात मित्राच्या शेडवर, लेथला लावून कडेची घडी कापली. मी म्हटलं हॅक्सॉनं कापू की घरीच, तर म्हणाले वेडा आहेस का, हॅक्सॉचा कीस आत पडणार आणि तोच बघून तू घाबरणार. लेथची चिप कुरळी असते, लांबून ओळखू येते. आतला कागद सोडवून व्हाइसमध्ये दाबून ऑइल पिळून काढलं, मग पेपरवर पसरून उन्हात ठेवला. प्रत्येक घडीत बारीक चमक, राखाडी राखेसारखी. लोहचुंबक फिरवला तर काही चिकटली, काही तशीच राहिली. न चिकटणारं ते ॲल्युमिनियम, आबा म्हणाले. बोटाला टोचेल असा तुकडा मात्र एकही नव्हता.

आणि मग घोटाळा. चौथ्या दिवशी शेजारच्या काकूंनी सांगितलं तुमच्या गाडीखाली काहीतरी सांडलंय. बघतो तर पार्किंगच्या फरशीवर पाच रुपयाच्या नाण्याएवढा डाग. ड्रेन बोल्टचा, म्हणजे ऑइल काढायच्या खालच्या बोल्टचा, वॉशर जुनाच लावला होता त्या गॅरेजवाल्यानं! तो वॉशर एकदाच दबतो, दर वेळी नवीन लागतो, वीसेक रुपयाची वस्तू. वर डिपस्टिक काढली तर लेव्हल वरच्या खुणेच्याही वर. जास्त ऑइल झालं की क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा, ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसानं बेअरिंगला ऑइलचं प्रेशर नीट मिळत नाही. म्हणजे इंजिनाची काळजी म्हणून गेलो आणि चार दिवस उलट त्रासच दिला त्याला. परत जाऊन वॉशर बदलून, ऑइल थोडं काढून घेतलं, फुकटात केलं त्यानं, पण सॉरी वगैरे काही नाही. तेव्हापासून बोल्ट काढताना मी स्वतः वाकून उभा असतो.

आता फरक. पहिल्या हजार किमीत गावात लिटरला १२ ते १३ किमी मिळायचं, आता १५, हायवेला साडेवीसच्या आसपास. हे ऑइलमुळे झालं असं मी छातीठोक सांगितलं असतं, पण आमच्या दाजींनी सांगलीत सेम गाडी सेम महिन्यात घेतलीय. त्यांनी १०,००० पर्यंत काहीही केलं नाही. त्यांचंही ॲव्हरेज तसंच चढलं, ५,००० च्या आसपास स्थिर झालं. आवाज सेम, पिकअप सेम. आंबा घाट मी चढवतो तसाच तेही चढवतात, जरा जास्तच जोरात. ऑइल कमी होणं दोघांच्याही डिपस्टिकवर दिसलं नाही.

पण खरी गंमत फिल्टरची झाली. गेल्या सप्टेंबरात दोघांच्याही गाड्या दहा हजाराला आल्या, आबांनी दोन्ही फिल्टर मागून घेतले. माझा दुसरा फिल्टर, म्हणजे १,६४० ते १०,००० मधला, जवळपास साफ, चुंबकाला चार कण. दाजींचा पहिलाच फिल्टर, अख्ख्या दहा हजाराचा, त्यात चमक होती, पण माझ्या पहिल्या फिल्टरएवढीच. थोडी जास्त म्हणा हवं तर. आबा बराच वेळ दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून बघत बसले, मग म्हणाले, "म्हणजे जे सुटायचं ते पहिल्या दीड हजारातच सुटलं, आणि ते फिल्टरनं धरलं." माझंही तेच मत झालं. आम्ही लवकर बाहेर काढलं ते बरंचसं आधीच फिल्टरमध्ये अडकलेलं होतं. ट्रेमध्ये चमकत होतं ते एवढं बारीक की कागदातून पार होणारं, ते दाजींच्या इंजिनात दहा हजार फिरलं हे खरं, पण त्यानं काही बिघडलं का हे कळायला दोन्ही गाड्या दीड दोन लाख चालायला पाहिजेत. दोन गाड्या आणि एक चुंबक, याला काय टेस्टिंग म्हणायचं नाही.

मला विचाराल तर २,२१० रुपयाचं वाईट वाटत नाही, पण उद्या बहिणीनं नवीन गाडी घेतली तर बदलच असा आग्रह मी धरणार नाही. गाडी दहा बारा वर्षं ठेवायची असेल, मन मानत नसेल तर एकदा करा, हजार ते दोन हजारच्या मधे, फिल्टरसकट. नुसतं ऑइल बदलून जुना फिल्टर ठेवणारे बघितलेत मी, त्यात काही अर्थ नाही. ५०० ला एकदा, १,५०० ला एकदा, ५,००० ला एकदा असले तीन तीन वेळा करणारेही आहेत, ती हौस झाली.

त्यापेक्षा पहिले हजार किमी कशी चालवली याकडे मी जास्त लक्ष दिलं. डिलिव्हरी घेतल्या घेतल्या पुण्याला शंभरच्या एकाच स्पीडला नेली नाही, स्पीड वरखाली करत राहिलो, चौथ्या गिअरवर तीसला ओढली नाही, गार इंजिनाला रेस केलं नाही. जुन्या लोकांना आठवत असेल, नवीन गाडीच्या मागच्या काचेवर "रनिंग इन" लिहिलेलं असायचं.

आणि ज्यांचं रनिंग कमी आहे त्यांनी किलोमीटर सोडून तारीख बघा. आमच्या गल्लीतल्या एका काकांची गाडी वर्षाला तीन हजार चालते, घर ते रंकाळा आणि परत. दोन पावसाळे झाले, ऑइल तेच. दहा हजार कुठं झालेत, हा त्यांचा मुद्दा. ऑइल फिलरचं झाकण उघडून दाखवलं त्यांना, खाली लोण्यासारखा पांढरट थर. इंजिन कधी नीट गरमच होत नाही, मग ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच बसतं. त्यांच्या गाडीचं ऑइल दुसऱ्या दिवशी बदललं. तिघं होतो तिथं, आणि यावेळी नवा वॉशर मी खिशातून नेला होता.