कांडी फिरवू नका, टेकवा: घरच्यांसोबत जादूची एस्केप रूम

एस्केप रूम म्हणजे कोडी सोडवत ठरलेल्या वेळेत बाहेर पडायचा, खोलीतला खेळ. तिथे सहकुटुंब जायचं तर खुनाच्या किंवा बँक लुटीच्या खोलीपेक्षा जादूची एस्केप रूम निवडावी. खुनाच्या खोलीत वाचायलाच फार असतं: जबान्या, पत्रं, वर्तमानपत्राची कात्रणं. मोठी माणसं कागदांत डोकं घालून बसतात आणि पोरं दहा मिनिटांत कंटाळतात. जादूच्या खोलीत हातांना काम असतं. बाटल्या मांडायच्या, कांडी टेकवायची, आरशामागचा दिवा लावायचा. आठ-नऊ वर्षांचं मूल इथे खरोखर उपयोगी पडतं. पुण्या-मुंबईत मिळणाऱ्या या प्रकाराला आमच्याकडून पाचपैकी चार तारे. एक कापला तो देखभालीसाठी, कारण इथली जादू बिघडते ती बहुतेक वेळा तिथेच.

कांडीचंच बघा. तिच्या टोकात बहुतेक वेळा छोटा चुंबक असतो आणि लाकडी फळीच्या मागे चुंबकानं चालणारा रीड स्विच. दोघांत एक-दोन सेंटिमीटरच अंतर चालतं. मुलं चार फुटांवरून ऐटीत कांडी फिरवतात, काहीच होत नाही, आणि मग हे कोडं चुकीचं आहे असं समजून पुढे जातात. टोक खुणेवर टेकवा, मनात दोन आकडे मोजा, मग उचला. कांडी खाली आपटू देऊ नका. आतला चुंबक सरकला तर पुढच्या गटाचाही खेळ अडतो.

बाटल्यांचं फडताळ हा या खोल्यांचा सगळ्यात देखणा भाग, आणि सगळ्यात जास्त वेळही तिथेच जातो. बाटली उलटी करून पाहिली तर तळाला नाण्याएवढी चकती चिकटवलेली दिसते. ती आरएफआयडीची, म्हणजे रेडिओ लहरींनी आपली ओळख सांगणारी. फळीखाली तिला ओळखणारा वाचक बसवलेला असतो, त्याचा पल्ला जेमतेम तीन ते पाच सेंटिमीटर. बाटली गोलाच्या मधोमध ठेवली नाही, की क्रम बरोबर असूनही खण उघडत नाही. दोन बाटल्या एकमेकींना खेटून ठेवल्या तरी वाचक गोंधळतो. म्हणून क्रमाची खात्री असेल तर तो बदलत बसू नका. सगळ्या बाटल्या उचला, थोडं थांबा, आणि एकेक करून पुन्हा मधोमध ठेवा. तरीही नाही झालं तर हात वर करून गेम मास्टरला, म्हणजे खेळावर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या माणसाला, बोलवा. चकती निघून पडलेली असू शकते, आणि त्यात तुमची दहा मिनिटं जायचं काही कारण नाही.

तळहाताच्या उबेनं अक्षरं उमटणारी भिंत मुलांना फार आवडते. तिच्यावरचा काळा रंग साधारण 31 अंशांना पारदर्शक होतो. म्हणजे मुंबईच्या मे महिन्यात एसी नीट चालत नसेल, तर हात लावायच्या आधीच सगळा मजकूर उघडा पडलेला असतो. उन्हाळ्यात जाणार असाल तर आधी फोन करून एसीचं विचारा. पावसाळ्यात उलटी तऱ्हा: लाकडी खण फुगून अडकतात. इथे एक नियम कायम लक्षात ठेवावा, उघडायला दोन बोटांपेक्षा जास्त जोर लागत असेल तर ते अजून उघडायचं नाही. आकड्यांच्या साध्या कुलपात मात्र चूक बहुधा आपलीच असते. चारही आकडे खुणेच्या रेघेवर नेमके आलेत का ते बघून मगच कडी ओढावी.

वेळ 60 मिनिटांची असते, पण आधीच्या सूचना आणि नंतरचे फोटो धरून दीड तास राखून ठेवा. चार जण उत्तम, पाच चालतात. सहाव्याला बहुतेक वेळा नुसतं बघत उभं राहावं लागतं, पैसे मात्र माणशी द्यावे लागतात. आजी-आजोबा येणार असतील तर बुकिंग करतानाच दोन गोष्टी विचारा: आत रांगायचा बोगदा आहे का, आणि बसायला खुर्ची आहे का. अंधार आणि अचानक मोठा आवाज हे बऱ्याच ठिकाणी सांगितलं की कमी करून देतात, पण आपणहून कोणी विचारत नाही.

खरी तक्रार भाषेची आहे. खोली महाराष्ट्रात, गिऱ्हाईक मराठी, आणि मंत्र मात्र इंग्रजी यमकांत. अक्षरं जुळवून शब्द करायचं कोडं आलं, की मराठी शाळेतलं हुशार पोर आणि आजी दोघंही एका क्षणात खेळाबाहेर. चिन्हं, रंग, वजन, आवाज यांवरची कोडी जास्त असलेली खोली मागून घ्या. आणि सूचना मराठीत द्या असं स्पष्ट सांगा, गेम मास्टरला बहुतेक वेळा मराठी येत असतं.

आत जाण्याआधी दार तपासायला लाजू नका. पोलंडमधल्या कोशालिन शहरात 4 जानेवारी 2019 रोजी अशाच एका ठिकाणी आग लागली आणि वाढदिवसासाठी आलेल्या, 15 वर्षांच्या 5 मुली आतच मरण पावल्या. बाहेर पडायला वाट नव्हती. चांगल्या ठिकाणी दाराला विद्युतचुंबकी कुलूप असतं, वीज गेली की ते आपोआप सुटतं, आणि दाराशेजारी ते सोडवायचं बटण असतं. कित्येक ठिकाणी मुख्य दार लावतच नाहीत, ते तर आणखी बरं. बटण कुठे आहे ते विचारा, खेळ सुरू होण्याआधी एकदा दाबून दार उघडून बघा, आणि घरातल्या सगळ्यात लहान मुलालाही ते दाबायला लावा. त्याचा हात तिथवर पोचतो का, ते तेव्हाच कळतं.